वेताळाचा प्रश्न

चांदोबा वाचत वाढलेल्या मराठी माणसाला तलवार आणि चेटूक यांची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. मध्यरात्र, स्मशान, झाडाला लटकलेलं प्रेत आणि ते खांद्यावर घेऊन चालणारा, कमरेला तलवार लावलेला राजा विक्रम. मराठी ‘चांदोबा’ १९५२ साली सुरू झाला, आणि ते चित्र डोळ्यांपुढे नाही असा माझ्या पिढीतला वाचक विरळा. याच मासिकात दासरी सुब्रह्मण्यम यांच्या मांत्रिक-राक्षसांच्या क्रमशः कथा येत आणि ‘चित्रा’ या सहीने त्यांची चित्रं काढली जात. पण वेताळाच्या गोष्टीतला मला आजही सर्वांत धारदार वाटणारा भाग म्हणजे शेवटचा प्रश्न. गोष्ट सांगून झाली की वेताळ विचारतो, यांत खरा त्यागी कोण? चूक कोणाची? उत्तर ठाऊक असून राजा गप्प बसला तर डोक्याची शकलं होणार, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. गोष्ट ऐकणाऱ्याला तोंड उघडावंच लागतं.

आम्ही चौघं गेली सहा वर्षं महिन्याच्या शेवटच्या रविवारी नेमकं हेच करतो. मी, माझा पुतण्या, पालघरच्या बाजूला आश्रमशाळेत आयुष्य काढून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका, ज्यांना आम्ही सगळे मावशी म्हणतो, आणि न्यू जर्सीत असलेला माझा वर्गमित्र, जो त्याच्या सकाळी फोनवर हजर असतो. चौघांनी एकच गोष्ट आधी वाचून यायचं आणि चहा होईपर्यंत तिच्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, एवढाच नियम. गोष्टी इंग्रजीतल्या, ‘स्वोर्ड अँड सॉर्सरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या.

हे नाव मराठीत आणताना पहिलाच वाद झाला. पुतण्या म्हणाला, ‘तलवार आणि जादू’. मावशींनी लगेच हरकत घेतली. जादू म्हटलं की टोपीतून ससा निघतो. या गोष्टींतलं प्रकरण तसलं नव्हेच. इथे मांत्रिक रक्त मागतो, आयुष्य मागतो, आणि विद्या वापरणाऱ्यालाही ती पोखरून टाकते. त्याला आपल्याकडे शब्द आहे, चेटूक. तेव्हापासून आमच्यात ‘तलवार-चेटूक’ हाच शब्द रुळला. टोल्किनच्या महाकथेत जगाचं भवितव्य पणाला लागतं. तलवार-चेटकात एका माणसाची एक रात्र. नायक राजपुत्र असेलच असं नाही, बहुधा चोर, भाडोत्री शिपाई, नाहीतर परागंदा. गोष्ट चाळीस-पन्नास पानांत संपते. नायकाला चेटूक येत नाही, त्याची त्याला भीती वाटते, आणि तरीही तो त्या दारातून आत जातो.

या प्रकाराचा जनक टेक्सासमधल्या क्रॉस प्लेन्स नावाच्या छोट्याशा गावात राहत होता. रॉबर्ट ई. हॉवर्ड, जन्म १९०६, मृत्यू १९३६. वडील गावचे डॉक्टर, आई क्षयाने अंथरुणाला खिळलेली, आणि हा घरातल्या एका चिंचोळ्या खोलीत टाइपरायटरसमोर बसून वाक्यं मोठ्याने म्हणत लिहायचा. ‘वीअर्ड टेल्स’ या १९२३ साली निघालेल्या मासिकात त्याच्या बहुतेक प्रसिद्ध गोष्टी आल्या. आपल्याकडच्या ‘नवल’ किंवा ‘धनंजय’च्या दिवाळी अंकांशी त्याची जातकुळी जुळते असं मला नेहमी वाटतं: भडक मुखपृष्ठ, आत भीती आणि अद्भुत, आणि मान्यवरांच्या कपाळावर आठी. कुल या राजाची पहिली गोष्ट ऑगस्ट १९२९ मध्ये छापून आली, त्याचा सर्वांत प्रसिद्ध नायक कोनन याची डिसेंबर १९३२ मध्ये. कोननची ती पहिली कथा म्हणजे कुलची एक नापसंत होऊन परत आलेली कथा नव्याने लिहिलेली होती. मासिकाकडून पैसे उशिरा येत. हॉवर्ड गेला तेव्हा हजार डॉलरच्या वर येणं बाकी होतं.

पण त्याच्या आयुष्यातली मला सर्वांत जवळची वाटणारी घटना आहे ती एका वाचकपत्राची. १९३० साली ‘वीअर्ड टेल्स’ने एच. पी. लव्हक्राफ्टची एक जुनी भयकथा पुन्हा छापली. तिच्यातल्या गेलिक शब्दांवरून हॉवर्डला एक भाषिक शंका आली आणि त्याने संपादक फार्न्सवर्थ राइट यांना पत्र लिहिलं. राइट यांनी ते लव्हक्राफ्टकडे पाठवून दिलं. तिथून सहा वर्षं दोघांत जो पत्रव्यवहार चालला त्याचे पुढे दोन जाडजूड खंड झाले. दोघं एकमेकांना कधीही भेटले नाहीत. रानात वाढलेला माणूस श्रेष्ठ की नगरात वाढलेला, यावर ते पानंच्या पानं भांडले. लव्हक्राफ्ट नगराच्या बाजूने, हॉवर्ड रानाच्या. १९३५ सालची ‘बियाँड द ब्लॅक रिव्हर’ ही हॉवर्डची उत्कृष्ट कथा या वादाच्या ऐन भरात लिहिलेली आहे. नदीपलीकडच्या जंगलाला लागून वसाहत करणारे गोरे लोक, त्यांना मागे रेटणारे जंगलवासी, आणि शेवटी वसाहतीची माघार. ती पत्रं वाचल्यावर मला तरी ती कथा वादातला मुद्दा पुढे नेल्यासारखी वाटते.

आमच्या मंडळीत सर्वांत जास्त वेळ घेतला तो हॉवर्डच्या ‘द टॉवर ऑफ द एलिफंट’ या १९३३ सालच्या कथेने. एक रविवार पुरला नाही, तीन लागले. गोष्ट अशी: चोरांच्या शहरात नवखा, पोरसवदा कोनन ऐकतो की यारा नावाच्या मांत्रिकाच्या मनोऱ्यात एक अमूल्य रत्न आहे. बागेत मुके सिंह आहेत, वरच्या दालनात महाकाय कोळी आहे, आणि सोबतीला आलेला नामांकित चोर त्या कोळ्याच्या विषाने मरतो. कोनन आणखी आत जातो. तिथे संगमरवरी आसनावर एक मूर्ती बसलेली आहे. माणसाचं शरीर, हत्तीचं डोकं. आणि मग मूर्ती हलते.

अमेरिकन वाचकाला इथे भीती वाटत असणार. मराठी वाचकाचं काय होतं? मावशी म्हणाल्या, “मी पुस्तक मिटून ठेवलं. मला त्याच्या पायांकडे बघवेना.” कारण तो जीव आंधळा आहे, त्याचे डोळे काढलेत, हातपाय मोडलेत. दूरच्या ग्रहावरून आलेला, पंख झिजून पृथ्वीवर अडकलेला, पूर्वेच्या जंगलात लोकांनी देव मानलेला. यारा त्याच्याकडे शिष्य म्हणून आला, विद्या शिकला, आणि गुरूलाच तीनशे वर्षं कोंडून छळत राहिला. हॉवर्डच्या मनात गणपती होता का, हे ठरवायची आम्हाला गरज वाटली नाही. जो आकार आपण लहानपणापासून मखरात पाहिला, दीड दिवसाने नाहीतर दहा दिवसांनी डोळे भरून पाण्यात सोडला, तोच आकार इथे बंदिवासात दिसतो आणि आतून काहीतरी हलतं. कोनन लुटायला आलेला असतो. त्याला दया येते, आणि दयेहूनही काही जड. सगळ्या मनुष्यजातीने केलेल्या पापाचा भार आपल्याच खांद्यावर आहे असं त्या अडाणी पोराला वाटतं. तो जीव जे मागतो ते कोनन करतो. पहाटे मनोरा कोसळतो आणि कोनन रिकाम्या हाताने चालू लागतो.

पुतण्याचा प्रश्न होता: चोर म्हणून तो हरला की जिंकला? न्यू जर्सीच्या मित्राचा प्रश्न निराळा: त्या जिवाने कोननकडून करून घेतलं तो न्याय की सूड? मावशी शिकवण्याच्या सवयीने शांतपणे म्हणाल्या की गुरुद्रोहाला आपल्याकडे प्रायश्चित्त नाही, त्यामुळे हा प्रश्न आपल्या पुराणांना पडलाच नसता. त्यावर दुसरा रविवार गेला.

हॉवर्डच्या प्राचीन जगात हिंदुस्थानही आहे. त्याचं नाव वेंध्या, राजधानी अयोध्या, उत्तरेला हिमेलियन पर्वत. १९३४ सालच्या ‘द पीपल ऑफ द ब्लॅक सर्कल’मध्ये तिथला राजा भुंदा चंद मरणपंथाला लागलाय, कारण दूरच्या डोंगरातल्या मांत्रिकांच्या हाती त्याच्या केसांची एक बट लागली आहे. हे वाचताना माझ्या आजीचा आवाज कानात आला. विंचरलेले केस इकडेतिकडे टाकू नयेत, गुंडाळी करून नीट टाकावेत, कोणाच्या हाती लागतील सांगता येत नाही. राजाची बहीण यास्मिना, हिला सगळे देवी म्हणतात, भावाचा आत्मा सुटावा म्हणून स्वतःच्या हाताने त्याला मारते आणि सूड घ्यायला डोंगराकडे निघते. नाव फारसी, उपाधी संस्कृत, मंत्री आणि सरदार कुठकुठले. हॉवर्डने हिंदुस्थान पाहिला नव्हता. तो त्याला टॅल्बट मंडी आणि हॅरल्ड लॅम यांच्या साहसकथांतून मिळाला. तिथल्या ऐतिहासिक चुका मोजायला वेळ लागत नाही, पण माझं मन यास्मिनाकडेच जातं. ती शेवटी कोननच्या मागे जात नाही. तिला राज्य आहे आणि ती ते सांभाळायला परत जाते. १९३४ सालच्या स्वस्त मासिकात ही गोष्ट लहान नव्हती.

त्याच वर्षी, त्याच मासिकात, एका बाईनेच तलवार उचलली. लेखकाचं नाव सी. एल. मूर असं छापलेलं होतं. कॅथरीन मूर इंडियानापोलिसच्या एका बँकेत नोकरीला होत्या आणि नोकरीच्या ठिकाणी कळू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरं वापरली. ऑक्टोबर १९३४ च्या ‘ब्लॅक गॉड्स किस’मध्ये मध्ययुगीन फ्रान्समधल्या जॉयरी गडाची मालकीण जिरेल गड हरते, आणि जिंकलेल्या गियोमला संपवणारं शस्त्र शोधत गडाखालच्या भुयारातून एका भलत्याच जगात उतरते. तिथून ती परत येते ते ओठांवर एक मरण घेऊन. गियोम मरतो, आणि त्या क्षणी जिरेलला उमगतं की आपलं त्याच्यावर प्रेम होतं.

या शेवटावर आजचे वाचक जेवढे भांडतात तेवढे क्वचितच दुसऱ्या कशावर भांडत असतील. ज्याने जबरदस्ती केली त्याच्यावर प्रेम? पुतण्याला तो शेवट सहन झाला नाही. मावशींना तो खरा वाटला, आणि त्यांनी त्याचं कारण सांगायला नकार दिला. मला स्वतःला तो शेवट चुकलेला वाटतो. भुयारातला प्रवास मात्र या प्रकारातली सर्वश्रेष्ठ पानं आहेत असं मी मानतो. पायाखालच्या जगाची ती निरव, ओली, अनोळखी भीती हॉवर्डलाही जमली नव्हती.

मूरच्या चरित्रातही एक वाचकपत्र आहे. हेन्री कट्नर नावाच्या तरुण लेखकाने १९३६ साली ‘मिस्टर सी. एल. मूर’ यांना कौतुकाचं पत्र पाठवलं. उत्तरातून समजलं की ते मिस्टर नव्हेत. पुढच्याच वर्षी दोघांनी मिळून जिरेलची एक गोष्ट लिहिली आणि १९४० साली लग्न केलं.

असं पत्र या प्रकारात वळणावळणावर भेटतं. शरीराने उंचापुरा फ्रिट्झ लायबर आणि लुइव्हिलचा त्याचा बुटका मित्र हॅरी फिशर एकमेकांना लांबलचक पत्रं लिहीत. १९३४ साली फिशरच्या एका पत्रात उत्तरेकडचा धिप्पाड फाफर्ड आणि चपळ, करड्या कपड्यांतला माउझर पहिल्यांदा एकमेकांसमोर आले. लायबरने ते दोघं उचलले आणि १९३९ ते १९८८ एवढा काळ त्यांच्या गोष्टी लिहिल्या. लान्खमार नावाच्या धुरकट शहरात हे दोन चोर दारू पितात, फसतात, एकमेकांना वाचवतात. दोन माणसांच्या मैत्रीवर एवढं लांब, एवढं प्रेमाने लिहिलेलं दुसरं काही मी या प्रकारात वाचलेलं नाही. फिशरने सुरू करून सोडलेली एक कथाही लायबरने पुरी केली आणि ती १९६४ साली प्रसिद्ध झाली.

आणि नाव? तेही गप्पांतूनच आलं. ‘आम्रा’ हे हॉवर्डच्या चाहत्यांनी चालवलेलं हौशी नियतकालिक होतं. १९६१ साली मायकल मूरकॉक या तरुण इंग्रज लेखकाने त्यात विचारलं की आपण जे वाचतो त्याला म्हणायचं काय? लायबरने उत्तर दिलं: स्वोर्ड अँड सॉर्सरी. त्याच वर्षी मूरकॉकचा एल्रिक अवतरला. कोनन जे जे होता ते ते एल्रिक नव्हता. अशक्त, पांढऱ्या कातडीचा, औषधांवर जगणारा सम्राट, आणि आत्मे पिणारी त्याची काळी तलवार. इथे चेटूक तलवारीतच शिरलं. ‘आम्रा’ला पुढे दोनदा, १९६४ आणि १९६८ साली, ह्यूगो पुरस्कार मिळाला.

मधला काळ मी भरभर ओलांडतो. फ्रँक फ्रॅझेटाच्या चित्रांची पेपरबॅक पुस्तकं, १९७० पासूनची कॉमिक्स, १९८२ चा श्वार्झनेगरचा चित्रपट, यांनी कोनन घराघरांत पोचला आणि गोष्टी मागे पडल्या. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर मला पहिली प्रत मिळाली ती याच लाटेतली, मुखपृष्ठ फाटलेली.

ज्याच्यासाठी मला हा लेख लिहावासा वाटला तो माणूस चार्ल्स सॉन्डर्स. जन्म १९४६, पेनसिल्व्हेनियाचा, कृष्णवर्णीय. व्हिएतनामच्या सक्तीच्या भरतीतून सुटण्यासाठी १९६९ साली तो कॅनडात गेला. हॉवर्ड त्याला मनापासून आवडत होता. आणि हॉवर्डच्या गोष्टींत काळी माणसं ज्या तऱ्हेने येतात ते वाचून त्याला घुसमटायला होत होतं. हॉवर्डमध्ये वंशद्वेष आहे. तो काळच तसा होता असं म्हणून तो झाकता येत नाही. काही कथा आज पुढ्यात ठेवतानाही हात आखडतो. सॉन्डर्सने पुस्तक फेकलं नाही आणि माफही केलं नाही. त्याने चाहत्यांपुढेच, १९७५ साली एका निबंधात, अद्भुतकथांमधल्या वंशद्वेषाचा जाहीर हिशेब मांडला. त्याच सुमारास त्याने इमारो उभा केला. न्युम्बानी नावाच्या कल्पित आफ्रिकेतला, गुरं राखणाऱ्या लढाऊ जमातीतला, आईविना वाढलेला, जमातीने कधी आपला न मानलेला योद्धा. या गोष्टी आधी कॅनडातल्या एका हौशी मासिकात आल्या आणि १९८१ साली ‘इमारो’ हे पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर त्याला ‘काळा टारझन’ म्हटल्यामुळे टारझनच्या हक्कदारांनी हरकत घेतली आणि पुस्तक लांबलं. तीन पुस्तकांनंतर मालिका थांबवली गेली.

२००६ साली ‘इमारो’ पुन्हा छापायचं ठरलं तेव्हा सॉन्डर्सने त्यातली एक जुनी कथा काढून टाकली. ती १९९४ च्या रवांडातल्या संहाराशी नको तेवढी जुळत होती, म्हणून तिच्या जागी त्याने नवी लिहिली. स्वतःच्या लेखनाची एवढी जबाबदारी घेणारा लेखक मला फार थोर वाटतो. पोटासाठी तो हॅलिफॅक्समध्ये वृत्तपत्रात काम करी. मे २०२० मध्ये तो एकटाच गेला आणि नाव नसलेल्या थडग्यात पुरला गेला. मित्रांना, वाचकांना हे कळायला काही महिने लागले. मग त्यांनी पैसे जमवले आणि दगड बसवला.

इमारो वाचला त्या रविवारी मावशींनी आमचा जुना शब्द काढून घेतला. कोननला आम्ही सहजपणे ‘रानटी’ म्हणत होतो. त्या म्हणाल्या, “माझ्या वर्गातल्या पोरांना बाजारात हाच शब्द ऐकायला मिळायचा. तुम्ही तो कौतुकाने वापरता, तरी मला तो ऐकवत नाही.” पुतण्याने ‘बर्बर’ सुचवला, मित्राने ‘आडदांड’. एकही बसला नाही. तेव्हापासून आम्ही ‘डोंगरातला’ म्हणतो. कोनन खरोखरच डोंगराळ मुलखातला आहे, आणि या शब्दात शिवी नाही.

आज या प्रकाराला पुन्हा पालवी फुटली आहे, आणि तिच्या मुळाशीही वाचकच आहे. हॉवर्ड अँड्र्यू जोन्स हा आधी वाचक होता. हॅरल्ड लॅमच्या विसरलेल्या साहसकथा त्याने जुन्या मासिकांतून शोधून काढल्या आणि आठ खंडांत संपादित केल्या, ज्यांच्यावर रॉबर्ट हॉवर्ड पोसला होता त्याच कथा. नव्या पिढीच्या लेखनासाठी त्याने ‘न्यू एज’ ही संज्ञा मांडली. ‘एज’ म्हणजे इथे तलवारीची धार. पुढे टोरांटोच्या ऑलिव्हर ब्रॅकनबरी यांनी २०२२ साली याच नावाचं मासिक काढलं. त्यात मॉली टँझर यांनी जिरेलची नवी गोष्टही लिहिली. जिरेल जवळजवळ नव्वद वर्षांनी पुन्हा गडातून बाहेर पडली.

जोन्सचा स्वतःचा नायक हानुवार. २०२३ च्या ‘लॉर्ड ऑफ अ शॅटर्ड लँड’मध्ये तो भेटतो. कार्थेजचा हॅनिबल हे त्याचं मूळ. इतिहासात रोमने इसवीसनपूर्व १४६ मध्ये कार्थेज बेचिराख केलं तेव्हा हॅनिबल मरून बरीच वर्षं झाली होती. जोन्स विचारतो, तो जिवंत असता तर? वय झालेलं, सैन्य नाही, शहर नाही. उरलेले हजारभर नागरिक गुलाम म्हणून शत्रूच्या साम्राज्यात विकले गेलेत. हानुवार त्यांना एकेक करून शोधायला निघतो. प्रत्येक प्रकरण स्वतंत्र गोष्ट, प्रत्येक गोष्टीत एक-दोन माणसं सुटतात. खजिना नाही, सिंहासन नाही, नुसती माणसांची मोजणी. साठीला आलेल्या मला आणि माझ्या वर्गमित्राला ही पुस्तकं आतून भिडली. मालिकेची पाच पुस्तकं ठरली होती. तीन निघाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये मेंदूच्या कर्करोगाने जोन्स गेला. हानुवारचे किती लोक अजून सापडायचे होते, यावर त्या महिन्यात आम्ही कोणी बोललो नाही. मित्राने फोनवर पहिल्या पुस्तकातलं एक प्रकरण मोठ्याने वाचलं, आम्ही ऐकलं.

हॉवर्डच्या गोष्टी भारतात आता मुक्त आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, त्या हिशेबाने १९९६ अखेर तो संपला. म्हणून मावशींनी या पावसाळ्यात मनोऱ्याची गोष्ट मराठीत करायला घेतली. चोर, कोळी, सिंह सगळं सुरळीत झालं. आसनावरच्या त्या जिवापाशी त्या अडल्या. ‘गजमुख’ लिहिलं तर वाचकाचे हात आपोआप जोडले जातील आणि भीती उरणार नाही. ‘हत्तीच्या डोक्याचा प्राणी’ लिहिलं तर दया उरणार नाही. पंधरा दिवस त्यांनी ती ओळ मोकळी ठेवली.

गेल्या रविवारी त्यांनी वही उघडून वाचायला सुरुवात केली. त्या जागी आल्यावर त्यांनी कुठलंच नाम वापरलं नव्हतं. नुसतं ‘तो’ होता. आंधळे डोळे, मोडलेले पाय, आवाजाच्या दिशेने वळणारी सोंड, आणि ‘तो’. आम्ही गप्प होतो. मग पुतण्याने विचारलं, “पण मावशी, कोननला हात जोडावेसे वाटले असते का हो?”

मावशींनी वही मांडीवर ठेवली, चष्मा काढला, आणि मित्राने तिकडून फोनचा आवाज वाढवला.